अँडरसनच्या परीकथा टपाल तिकिटांत: सोळा पानांचं पहिलं प्रदर्शन कसं उभारावं

हान्स क्रिश्चन अँडरसन हा परीकथाकार तिकिटांच्या जगात भरपूर सापडतो. त्याच्यावर आणि त्याच्या गोष्टींवर डेन्मार्कने तर तिकिटं काढलीच, पण २००५ साली त्याच्या जन्माला दोनशे वर्षं झाली तेव्हा इतर कितीतरी देशांनीही काढली. त्यामुळे पहिल्यांदाच विषयवार प्रदर्शन मांडणाऱ्याला तो सोयीचा. अडचणही तीच आहे. माल इतका मिळतो की प्रदर्शनाऐवजी रंगीत चित्रांची भिंत तयार होते. शाळा, वाचनालय किंवा लहान संग्रहालयात एक फ्रेम, म्हणजे सोळा पानं, नीट मांडायची असतील तर काय काय करावं लागतं, ते इथे क्रमाने दिलं आहे. वेळ सहा महिने धरावा. त्यातले चार सामान जमवण्यात जातात.

आधी माप. प्रदर्शनाची प्रमाण फ्रेम साधारण चार फूट बाय तीन फूट असते आणि तिच्यात ए-फोर आकाराची सोळा पानं बसतात, चार ओळी, प्रत्येकीत चार. एका पानावर चार ते सहा वस्तू धरल्या तर एकूण सत्तर ते नव्वद वस्तू लागतात. नवखा माणूस तीनशे तिकिटं घेऊन बसतो आणि पानावर पंधरा-पंधरा चिकटवतो. पाहणारा तिसऱ्या पानावर थकतो.

पहिली पायरी: काय सांगायचं ते ठरवा, मगच खरेदी

‘अँडरसन आणि त्याच्या परीकथा’ हे शीर्षक चालेल, पण ढगळ आहे. त्याऐवजी ‘ओडेन्सच्या चांभाराचा मुलगा जगभर कसा पोचला’ असं काही ठरवलं की काय घ्यायचं आणि काय सोडायचं ते आपोआप कळतं. शीर्षकात जे म्हटलं तेवढंच आत असलं पाहिजे आणि ते सगळं असलं पाहिजे. स्पर्धेत परीक्षक सर्वांत आधी हेच तपासतात.

पानांची आखणी साधारण अशी करता येईल. पहिलं पान शीर्षक आणि आराखड्याचं. दोन आणि तीन ही पानं बालपणाची: २ एप्रिल १८०५ रोजी ओडेन्समध्ये जन्म, वडील चांभार, आई धुणं धुणारी, १८१६ मध्ये वडील गेले आणि १८१९ मध्ये चौदाव्या वर्षी पोरगा एकटा कोपनहेगनला निघाला. चौथं आणि पाचवं प्रवासाचं. सहा ते अकरा ही सहा पानं गोष्टींची, कारण लोक त्यासाठीच येणार. बारावं कात्रीकामाचं, म्हणजे त्याने कात्रीने कापलेल्या कागदी चित्रांचं, आणि चित्रकारांचं. तेरावं कोपनहेगनमधल्या जलपरीच्या पुतळ्याचं. चौदा आणि पंधरा ही पानं त्याच्या नावाने पुढे जे सुरू झालं त्याची. सोळावं त्याच्या हयातीतल्या टपालाचं. ते शेवटी का, ते पुढे येईलच.

गोष्टींची वर्षं पाठ असलेली बरी, कारण मजकुरात चूक झाली की सगळ्यावरचा विश्वास उडतो. पहिली पुस्तिका मे १८३५ मध्ये आली. तिच्यात चारच गोष्टी होत्या: चकमकीची डबी, छोटा क्लाउस आणि मोठा क्लाउस, वाटाण्यावरची राजकन्या आणि छोट्या इडाची फुलं. थंबेलिना त्याच वर्षअखेरीला. छोटी जलपरी आणि राजाचे नवे कपडे १८३७ ची. शिशाचा शिपाई १८३८ चा. कुरूप पिल्लू आणि नाइटिंगेल १८४३ मधली, हिमराणी १८४४ ची, आगपेट्या विकणारी मुलगी १८४५ ची.

आता इथला सापळा बघा. १९३५ साली डेन्मार्कने परीकथांच्या शताब्दीनिमित्त सहा तिकिटांचा संच काढला. चित्रं तीनच आहेत: कुरूप पिल्लू, स्वतः अँडरसन आणि जलपरी. प्रत्येक चित्र दोन-दोन किमतींना वापरलं आहे. बहुतेक नवशिके त्याखाली ‘१८३५ च्या पहिल्या पुस्तिकेतील कथा’ असं लिहून मोकळे होतात. पण पिल्लूही त्या पुस्तिकेत नाही आणि जलपरीही नाही. टपाल खात्याने वर्ष पहिल्या पुस्तिकेचं धरलं आणि चित्रं मात्र सगळ्यांत लाडक्या गोष्टींची घेतली. हे एका ओळीत लिहिलंत तर पान एकदम वजनदार होतं. त्या पानासाठी जास्तीचा पैसा टाकावा लागत नाही, वर्षं जुळवून पाहण्याची सवय तेवढी लागते.

दुसरी पायरी: कोणती गोष्ट कोणाची

परीकथांची तिकिटं विकणारे सगळं एकाच डब्यात ठेवतात. सिंड्रेला, निद्रिस्त सुंदरी आणि बुटातलं मांजर या गोष्टी फ्रेंच लेखक पेरोच्या पुस्तकातून पसरल्या. हॅन्सेल-ग्रेटेल, रपुंझेल आणि ब्रेमेनचे वाजंत्री ग्रिम बंधूंनी नोंदवल्या. यातलं काहीही अँडरसनच्या फ्रेममध्ये आलं तर ते थेट चुकीचं. मराठीत जास्तीचा एक गोंधळ होतो. हिमगौरी म्हणजे सात बुटक्यांवाली, ती ग्रिमची. हिमराणी म्हणजे ‘काई’ नावाच्या मुलाला घेऊन जाणारी, ती अँडरसनची. नावं इतकी जवळची की शाळकरी मुलांच्या संग्रहात ही अदलाबदल हमखास सापडते.

तसंच नाइटिंगेलचं. या पक्ष्याला मराठीत बुलबुल म्हणून टाकण्याची जुनी सवय आहे, म्हणून त्या पानावर लाल बुडाच्या बुलबुलाची तिकिटं येऊन बसतात. हे दोन वेगळे पक्षी आहेत. गोष्टीतला नाइटिंगेल दिसायला साधा, मातकट रंगाचा आहे, आणि रत्नजडित यांत्रिक पक्ष्यासमोर तो फिका वाटतो यावरच तर गोष्ट उभी आहे. झळकदार रंगाचा पक्षी लावला तर पानाचा अर्थच उलटतो.

अमेरिकन कार्टूनपटांवरची तिकिटं हा वेगळा विषय. ग्रेनेडासारख्या देशांनी अशी तिकिटं ढिगाने काढली. चित्रपटातली जलपरी राजपुत्राशी लग्न करते, अँडरसनची करत नाही. तिचा समुद्रफेस होतो आणि ती हवेच्या कन्यांमध्ये जाते. म्हणून ही तिकिटं गोष्टीच्या पानावर नकोत. पुढे ‘गोष्टीचं काय काय झालं’ अशा पानावर एखादं चालेल, एकच.

तिसरी पायरी: फक्त तिकिटं नकोत

विषयवार प्रदर्शनात टपालाने केलेली प्रत्येक वस्तू चालते आणि विविधतेला गुण असतात. तिकीट, मिनिएचर शीट (एक किंवा काही तिकिटं असलेला छोटा छापील कागद), तिकीट-पुस्तिका, छापील किमतीचं पोस्टकार्ड आणि लिफाफा, चित्रशिक्का, घोषवाक्याचा मशिन-शिक्का, कार्यालयांच्या मीटर यंत्राची लाल छाप, फर्स्ट डे कव्हर (तिकीट निघालं त्याच दिवसाचा शिक्का असलेला लिफाफा), मॅक्झिमम कार्ड. मॅक्झिमम कार्ड म्हणजे चित्र असलेलं पोस्टकार्ड, चित्राच्याच बाजूला त्याच विषयाचं तिकीट आणि वर त्या विषयाशी नातं असलेला शिक्का. तिन्हींचा मेळ बसला तरच ते मॅक्झिमम कार्ड. जलपरीच्या पुतळ्याच्या कार्डावर राणीचं तिकीट असेल तर ते नुसतं कार्ड आहे.

चालत नाही ते: साधी पिक्चर पोस्टकार्डं, फोटो, वर्तमानपत्रातली कात्रणं, नाताळची धर्मादाय लेबलं आणि नोटा. नोटांचं मुद्दाम सांगायचं कारण असं की ‘स्वीडनची नाइटिंगेल’ म्हणून गाजलेली गायिका जेनी लिंड हिच्यावर अँडरसनचा जीव होता आणि स्वीडनच्या पन्नास क्रोनरच्या जुन्या नोटेवर तिचं चित्र होतं. ती नोट लावायचा मोह फार होतो. संग्रहालयात शेजारच्या काचपेटीत खुशाल ठेवा, फ्रेममध्ये नको.

फर्स्ट डे कव्हरवर डाव्या बाजूला जे चित्र छापलेलं असतं ते बहुतेक वेळा खासगी छपाईचं असतं, टपाल खात्याचं नव्हे. पानावरचा मुद्दा त्या चित्रावर टेकवू नये. मुद्दा तिकिटावर किंवा शिक्क्यावर टेकला पाहिजे. फक्त फर्स्ट डे कव्हरांनी भरलेली फ्रेम ही नवशिक्याची ओळखच मानली जाते. सोळा पानांत सहा-सात पुष्कळ झाली.

प्रवासाच्या पानांवर खरी मजा आहे, कारण तिथे थेट अँडरसनवरचं तिकीट लागत नाही. १८४० मध्ये जर्मनीत माग्देबुर्ग ते लाइपझिग या मार्गावर तो पहिल्यांदा आगगाडीत बसला आणि वेगाने भारावून गेला. डेन्मार्कची पहिली कोपनहेगन-रोस्किल्ड गाडी १८४७ मध्ये धावली. त्या शताब्दीनिमित्त १९४७ साली निघालेल्या संचात पहिल्या इंजिनाचं तिकीट आहे. रोममध्ये शिल्पकार थोरवाल्डसेनशी मैत्री झाली. थोरवाल्डसेनच्या मायदेशी परतण्याला शंभर वर्षं झाली तेव्हा १९३८ मध्ये डेन्मार्कने तिकिटं काढली. १८५७ मध्ये तो इंग्लंडात चार्ल्स डिकन्सच्या घरी पाहुणा म्हणून गेला आणि पाच आठवडे राहिला. यजमान वैतागले आणि त्यानंतर पत्रव्यवहार जवळजवळ थांबला. ब्रिटनच्या १९७० च्या संचात डिकन्सवरची चार तिकिटं आहेत. त्यातलं एकच घ्यावं, पूर्ण संच लावण्याची गरज नाही. ही तीन-चार साधी, स्वस्त तिकिटं पानाला जो जीव देतात तो अँडरसनच्या चेहऱ्याची वीस तिकिटं लावून येत नाही.

चौथी पायरी: शोध आणि खरेदी

मुंबई किंवा पुण्याच्या जीपीओतल्या फिलाटेलिक ब्युरोत भारतीय तिकिटंच मिळतात. परदेशी मालासाठी व्यापारी, संग्राहकांची मंडळं, प्रदर्शनांतले स्टॉल आणि इंटरनेटवरचे लिलाव हाच मार्ग. शोधताना भाषेची एक खुबी लक्षात ठेवा. डॅनिश लोक त्याला हान्स क्रिश्चन म्हणत नाहीत, ‘एच. सी. अँडरसन’ (H. C. Andersen) म्हणतात आणि उच्चार ‘हो-से’ असा करतात. पूर्ण नावाने शोधलं तर डॅनिश विक्रेत्यांच्या निम्म्या याद्या हाती लागत नाहीत. परीकथेला डॅनिशमध्ये ‘एव्हेन्टूर’ (eventyr) आणि जर्मनमध्ये ‘मेर्शेन’ (Märchen) म्हणतात, त्या शब्दांनीही शोधावं.

पूर्व जर्मनीने परीकथांची छोटी शीट्स वर्षानुवर्षं काढली. त्यातलं १९७२ चं हिमराणीवरचं शीट अँडरसनचं आहे, सहा तिकिटं एकत्र. ते अखंडच घ्यावं आणि अखंडच लावावं. सुटी तिकिटं स्वस्त मिळतात म्हणून घेतली तर गोष्टीचा क्रम तुटतो. १९५५ मध्ये दीडशेव्या जयंतीला सोव्हिएत संघाने तिकीट काढलं, ते सहज सापडतं. युरोपभरच्या ‘युरोपा’ मालिकेचा विषय १९९७ मध्ये कथा-दंतकथा हा होता आणि २०१० मध्ये मुलांची पुस्तकं. ही दोन वर्षं चाळली की अनेक देशांचा माल एका जागी दिसतो.

विक्रेत्याच्या खुणा वाचता यायला हव्यात. एमएनएच म्हणजे कोरं, मागचा डिंक अस्पर्श. एमएच म्हणजे कोरं, पण पूर्वी हिंज, म्हणजे तिकीट पानाला चिकटवायची डिंकाची छोटी कागदी पट्टी, लावलेलं. सीटीओ म्हणजे टपाल खात्याने विक्रीसाठीच शिक्का मारून दिलेलं. शिक्का कोपऱ्यात नेटका, मागे डिंक शाबूत, आणि पत्रावर ते कधी गेलेलंच नाही. साठ ते ऐंशीच्या दशकांतल्या पूर्व युरोपच्या तिकिटांत हा प्रकार भरपूर. मुलांच्या प्रदर्शनाला हरकत नाही, पण स्पर्धेत कोरं किंवा खरोखर प्रवास केलेलं तिकीट बरं. एका पानावर कोरी आणि शिक्क्याची सरमिसळ करू नये, डोळ्याला खटकते.

कॅटलॉगची, म्हणजे तिकिटांच्या क्रमांकवार छापील सूचीतली, किंमत म्हणजे बाजारभाव नव्हे. सामान्य मालाला तिच्या काही अंशानेच पैसे द्यायचे असतात. गिबन्स, स्कॉट, मिशेल आणि डेन्मार्कचं आफा, प्रत्येकाचे क्रमांक वेगळे. म्हणून नोंदवहीत क्रमांकाआधी कॅटलॉगचं नाव लिहा, नाहीतर तेच तिकीट दोनदा विकत घेतलं जातं.

बनावट देशनावाची शीट्स ही या विषयाला लागलेली कीड आहे. परीकथा, कार्टून आणि मांजरं हे विषय खपतात, म्हणून कुठल्याशा देशाच्या नावाने कोणीतरी शीट छापतं आणि त्या देशाच्या टपाल खात्याला त्याची खबरही नसते. जागतिक टपाल संघाने २००२ पासून नव्या तिकिटांची डब्ल्यूएनएस ही क्रमांकवार नोंद सुरू केली आहे, तिथे आधी पाहा. सगळे देश तिच्यात नाहीत, त्यामुळे नोंद नाही म्हणजे खोटंच असं नव्हे. मग कॅटलॉग बघा. दोन्हीकडे नसेल तर घेऊ नका, कितीही देखणं असलं तरी.

‘राजाचे नवे कपडे’च्या पानावर एखादा रंग छपाईतच राहून गेलेलं तिकीट लावायची कल्पना अनेकांना सुचते. विनोद चांगला आहे. पण बाजारात अशा ‘चुका’ उन्हात किंवा रसायनात रंग उडवून केलेल्या असतात. तज्ज्ञाचं प्रमाणपत्र नसेल तर विनोद आपल्यावरच होतो.

पाचवी पायरी: हाताळणी

बोटं लावायची नाहीत. गोल, सपाट टोकाचा तिकिटांचा चिमटा वापरा. भुवया कोरायचा चिमटा कागद फाडतो. कागदावर चिकटलेली जुनी तिकिटं कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं, चित्र खाली करून, सोडावीत आणि आपोआप सुटली की टीपकागदात वजनाखाली वाळवावीत. ओढायचं नाही. लाल किंवा गर्द रंगाच्या लिफाफ्याचे तुकडे वेगळ्या वाटीत भिजवा, रंग उतरून बाकीची तिकिटं गुलाबी होतात. सेल्फ-अ‍ॅडहेसिव्ह तिकिटं बहुधा सुटत नाहीत, ती भोवती तीन-चार मिलिमीटर कागद ठेवून कापून घ्यावीत. आणि वाचनीय शिक्का असलेला अखंड लिफाफा कधीच भिजवू नका. त्यातलं तिकीट पाच रुपयांचं असेल, पण लिफाफा पानाचा कणा असतो.

कोकणात आणि मुंबईत पावसाळा हा खरा शत्रू. दमट हवेत डिंक ओला होऊन तिकीट माउंटला (ज्या पारदर्शक पाकिटात तिकीट पानावर बसवतात त्याला) चिकटतं आणि कागदावर तांबूस ठिपके पडतात. ठिपके एका तिकिटावरून शेजारच्यावर जातात, म्हणून डागाळलेलं तिकीट ताबडतोब वेगळं करा. अल्बम आडवे रचू नका, उभे ठेवा. डब्यात सिलिका जेल ठेवा, ते निळ्याचं गुलाबी झालं की तापवून पुन्हा वापरता येतं. डांबरगोळ्या नकोत. मऊ पीव्हीसीच्या पिशव्याही नकोत, त्यातून तेलकट द्रव सुटून तिकिटाचा रंग खातो. पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीन चालतं.

सहावी पायरी: एक पान जवळून

कुरूप पिल्लाचं पान घेऊ. कागद आम्लमुक्त, पांढरा किंवा फिकट हस्तिदंती, १६० ते २०० जीएसएम. समास चारी बाजूंनी दीड सेंटिमीटर.

वर डाव्या बाजूला उपशीर्षक, एक ओळ. त्याखाली १९३५ च्या संचातलं पिल्लाचं तिकीट, एकटं, भोवती मोकळी जागा ठेवून. हे तिकीट कोरीव छपाईचं आहे. तिरप्या उजेडात धरलं तर शाई कागदावर किंचित उठलेली दिसते. पाहणाऱ्याला भिंग दिलं तर या एका तिकिटापाशी लोक थांबतात, कारण आजच्या गुळगुळीत ऑफसेट छपाईच्या तिकिटात हे दिसत नाही.

उजवीकडे हंसाचं तिकीट. इथे थांबा. कोणता हंस? डेन्मार्कचा राष्ट्रीय पक्षी मूक हंस, केशरी चोच आणि चोचीच्या मुळाशी काळं गाठोडं. पिवळ्या-काळ्या चोचीचा तो हूपर हंस, वेगळी जात. काळा हंस तर ऑस्ट्रेलियाचा. वेस्टर्न ऑस्ट्रेलियाचं १८५४ चं पहिलं तिकीट त्याच्यामुळेच प्रसिद्ध आहे, पण ते या पानावर आलं तर पक्षी ओळखणारा पहिलाच प्रेक्षक हसेल. चोचीचं गाठोडं स्पष्ट दिसतं असं तिकीट निवडा आणि मजकुरात ‘मूक हंस’ असंच लिहा.

खाली एक लिफाफा, पत्रासोबत खरंच गेलेला, ओडेन्सचा शिक्का असेल तर उत्तम. सर्वसाधारण लहान लिफाफा १६२ बाय ११४ मिलिमीटरचा असतो. वरच्या ओळीनंतर तो आडवा बसतो आणि खाली मजकुराला दोन बोटं जागा उरते. मोठा लिफाफा असेल तर पानाला चीर देऊन त्याचा रिकामा भाग मागे सरकवा, शिक्का आणि तिकीट तेवढं पुढे ठेवा. लिफाफा स्वतः कधीही घडी घालून किंवा कापून बसवू नका.

तिकिटाचा माउंट तिकिटापेक्षा चारही बाजूंनी एक-दीड मिलिमीटर मोठा असावा. घट्ट कापला तर कडेचे दाते वाकतात, सैल कापला तर तिकीट तिरकं होतं. एमएनएच तिकिटाला हिंज लावू नका, किंमत उतरते. शिक्क्याच्या स्वस्त तिकिटांना हिंज चालतो, वरच्या तिसऱ्या भागात, जिभेने नुसता ओलसर करून. सगळं जागेवर ठेवून पान मोबाइलवर फोटो काढून पाहा. तोल डोळ्याला कळत नाही तेव्हा फोटोत कळतो.

मजकूर दहा किंवा अकरा पॉइंट, पानाच्या एक-तृतीयांशापेक्षा कमी. दोन प्रकारचा मजकूर हवा आणि तो दिसायलाही वेगळा हवा. पहिला गोष्टीचा, दुसरा टपालाचा: छपाईचा प्रकार, दाते, शिक्क्याचं गाव आणि तारीख. लिहून झाल्यावर मजकुरावर कोरा कागद ठेवा आणि नुसत्या वस्तू पाहा. गोष्ट अर्धी तरी कळली पाहिजे. ‘अँडरसन अतिशय संवेदनशील होता’ असं वाक्य ज्या तिकिटाखाली बसतं ते कुठल्याही तिकिटाखाली बसतं. ते काढून टाका.

कात्रीकामाच्या पानावर मजकूर जवळजवळ नकोच. गोष्ट सांगता सांगता अँडरसन कात्रीने कागद कापत असे आणि गोष्ट संपली की घडी उलगडून दाखवत असे. त्याची ती कात्रणं तिकिटांवर आली आहेत आणि ती स्वतःच पुरेशी बोलतात.

हयातीतलं टपाल शेवटी का

डेन्मार्कचं पहिलं तिकीट १ एप्रिल १८५१ रोजी आलं: चार रिग्सबँक स्किलिंग, तपकिरी, दाते नसलेलं. तेव्हा अँडरसन शेहेचाळिशीला टेकला होता. त्याआधीची त्याची पत्रं बिनतिकिटाची, घडी घालून लाखेने बंद केलेली. तो ४ ऑगस्ट १८७५ रोजी कोपनहेगनला गेला, आणि त्याच वर्षाच्या सुरुवातीला स्किलिंग जाऊन क्रोनर आणि अर हे चलन आलं होतं. म्हणजे स्किलिंगच्या तिकिटांचा सगळा काळ त्याच्या आयुष्यात मावतो. एक साधं स्किलिंग तिकीट, एक बिनतिकिटाचं घडीपत्र आणि शक्य झालं तर कोपनहेगनच्या ‘१’ आकड्याचा शिक्का. आधीच्या पंधरा पानांत त्याच्याबद्दलची तिकिटं असतात आणि या पानावर तो स्वतः ज्यांना चाटून लिफाफ्यावर लावत असेल ती. पाहणारा फ्रेम सोडताना हे पान पाहून जातो. बिनदात्याच्या तिकिटाला चारही बाजूंनी समास हवा. एका बाजूला चित्रात कात्री गेली असेल तर किंमत कोसळते. आणि हे पान पहिलंच घ्यायला गेलात तर सगळं बजेट इथेच संपेल.

सातवी पायरी: मांडणी

तारीख ठरवताना २ एप्रिल हा अँडरसनचा जन्मदिवस आणि १९६७ पासून आंतरराष्ट्रीय बालपुस्तक दिनही, हे डोक्यात येतंच. पण आपल्याकडे तेव्हा शाळांच्या परीक्षा असतात. नोव्हेंबरात बालदिनाच्या आठवड्यात मुलंही मोकळी असतात आणि हवाही कोरडी असते. उद्घाटनाला खास शिक्का किंवा विशेष आवरण हवं असेल तर टपाल मंडळाकडे काही महिने आधी अर्ज करावा लागतो. आठवडाभर आधी विचारून उपयोग नाही.

फ्रेमचा मध्य मोठ्यांसाठी जमिनीपासून दीडशे सेंटिमीटरवर ठीक. मुलं येणार असतील तर एकशे दहा ते वीसवर आणा, मोठी माणसं वाकतील. उजेड पन्नास लक्सच्या आसपास, थेट ऊन मुळीच नाही. खिडकीसमोरच्या भिंतीवर काचेत स्वतःचाच चेहरा दिसतो, तिकीट दिसत नाही. तीन ते पाच पट भिंगं दोरीने बांधून ठेवा. न बांधलेली पहिल्या दिवशीच जातात.

बाजूला मोठी चित्रं लावायची असतील तर तिकिटाची प्रत मूळ आकारापेक्षा किमान पाव पटीने तरी लहान-मोठी हवी आणि ती प्रत आहे हे दिसलं पाहिजे. पोस्टरवर जलपरीच्या पुतळ्याचा फोटो टाकण्याआधी विचार करा. शिल्पकार एडवर्ड एरिक्सन १९५९ मध्ये वारला, म्हणून डेन्मार्कमध्ये त्याच्या वारसांचा हक्क २०२९ अखेरपर्यंत आहे आणि त्यासाठी ते कोर्टातही गेलेले आहेत. विल्हेल्म पेडरसन हा अँडरसनचा पहिला चित्रकार १८५९ मध्येच गेला, त्याची रेखाटनं बिनधोक वापरता येतात आणि दिसतातही जास्त चांगली.

स्पर्धेत उतरायचं असेल तर शंभरातले गुण असे जातात: आराखडा आणि विकास ३५, विषयाचं आणि टपालाचं ज्ञान ३०, वस्तूंची स्थिती आणि दुर्मीळता ३०, मांडणी फक्त ५. रंगीत किनारी आणि नक्षीदार अक्षरं यांवर महिना घालवणाऱ्याने हा शेवटचा आकडा भिंतीवर लावून ठेवावा.

पानांच्या मागे पेन्सिलने क्रमांक घाला, १ ते १६, आणि प्रत्येक पान स्कॅन करून ठेवा. फ्रेम लावताना दोघं जण हवेत, एक पानं देणारा आणि एक सरकवणारा. वरून खाली, डावीकडून उजवीकडे. काच किंवा अ‍ॅक्रिलिक स्क्रूने बंद करा, नुसत्या खिट्टीवर ठेवू नका. उतरवताना क्रम उलटा: सोळावं पान आधी निघतं, स्कॅनशी ताडलं जातं आणि पेटीत जातं. पंधरावं त्यानंतर.